सोलापूरच्या हवेत लाकडी विमान: लाकूड, ग्लू आणि ओलावा

घरी बांधायच्या लाकडी विमानांचे चांगले नकाशे थंड, ओलसर मुलखांतून येतात. पीटनपोल एअर कॅम्पर अमेरिकेतल्या मिनेसोटाची, फ्लाय बेबी सिअ‍ॅटलची, जोडेल डी-9 फ्रान्सची. मापं, प्लायची जाडी, बोल्टचे नंबर हे सगळं त्या नकाशांत व्यवस्थित असतं. पण मे महिन्यात दुपारी 42 अंश तापमान आणि 20 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, आणि तीन महिन्यांनी ऑगस्टमध्ये तीच आर्द्रता 80 टक्क्यांवर, ही सोलापूरची हवा त्या माणसांनी गृहीत धरलेली नाही. म्हणून इथे बांधणाऱ्याला सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते ती लाकडातल्या ओलाव्याची आणि त्या लाकडावर बसणाऱ्या ग्लूची. इंजिन बदलता येतं, कापड पुन्हा चढवता येतं. बंद केलेल्या पेटी-स्पारच्या, म्हणजे पंखाच्या पोकळ मुख्य तुळईच्या, आतला जोड पुन्हा हाताला लागत नाही.

ही भीती पुस्तकी नाही. 1944 च्या शेवटी भारतात असलेल्या ब्रिटिश मॉस्किटो या लाकडी विमानांचे पंख हवेत तुटायला लागले, तेव्हा त्यांची उड्डाणं थांबवून चौकशी झाली. जोडांमध्ये राहिलेल्या फटी, नीट न बसलेला ग्लू, लाकडाचं आकुंचन आणि स्पारपासून सुटणारी प्लायची कातडी या गोष्टी पुढे आल्या. कारखान्यातून निघताना ठाकठीक दिसलेले जोड इथल्या उन्हा-पावसात उघडे पडले.

आता आकडे. लाकूड सभोवतालच्या हवेशी जुळवून घेत राहतं. 20 टक्के आर्द्रतेच्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलेलं लाकूड सुमारे 4 टक्के ओलाव्यापर्यंत सुकतं, 80 टक्के आर्द्रतेत ते 15-16 टक्क्यांपर्यंत चढतं. जाड लाकूड आणि बंद खोली असेल तर बदल सावकाश होतो, तरी 5 ते 14 हा फरक सोलापुरात सहज पडतो. सिट्का स्प्रूस हे विमानाचं नेहमीचं लाकूड दर एक टक्का ओलाव्यामागे वाढीच्या वर्तुळांना आडव्या, म्हणजे त्रिज्येच्या दिशेला साधारण 0.15 टक्के हलतं, आणि वर्तुळांच्या कडेकडेने 0.26 टक्के. 150 मिलिमीटर उंचीचा स्पार घ्या. लाकूड त्रिज्येच्या दिशेने चिरलेलं असेल तर नऊ टक्क्यांच्या फरकाला तो 2 मिलिमीटर हलेल, सपाट चिरलेलं असेल तर साडेतीन. त्यावर तंतूंच्या रेषा आडव्या ठेवून चिकटवलेला प्लायचा डबलर, म्हणजे जोर द्यायला लावलेला जास्तीचा तुकडा, जवळजवळ हलत नाही. मग ताण ग्लूच्या रेषेवर येतो आणि तडा बहुधा डबलरच्या कडेला, बोल्टच्या ओळीतून जातो. म्हणून स्पारसाठी त्रिज्येने चिरलेलंच लाकूड घ्यायचं, आणि डबलरच्या टोकांना सरळ कापण्याऐवजी तिरका उतार द्यायचा.

लाकूड ताब्यात आलं की पहिलं काम वजनाचं. टोकापासून किमान 300 मिलिमीटर आतून नमुना कापा, कारण टोकं आधी सुकतात आणि खोटा आकडा देतात. सराफी काट्यावर लगेच वजन करा, ओव्हनमध्ये 103 अंशांच्या आसपास ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत दर दोन तासांनी मोजा. आधी 54.5 ग्रॅम आणि शेवटी 50 ग्रॅम भरला, तर 4.5 भागिले 50, म्हणजे 9 टक्के. ग्लू लावताना लाकूड 8 ते 12 टक्क्यांत हवं. पिनांचं मीटर सोयीचं आहे, पण 6-7 टक्क्यांखाली ते भरवशाचं राहत नाही, आणि आपला उन्हाळा नेमका त्याच पट्ट्यात असतो. ओव्हनचा आकडा खरा माना. त्याच नमुन्यावरून घनताही कळते: 100 × 50 × 20 मिलिमीटरचा स्प्रूसचा तुकडा नेहमीच्या ओलाव्यात 40 ते 45 ग्रॅम भरतो. पूर्ण सुकवलेला तुकडा 36 ग्रॅमच्या खाली गेला, तर त्या फळीतून स्पार काढू नका.

वखारीत मिळणारं पॅकिंगचं पाइन दिसायला गोरं आणि हलकं असतं, पण त्याची वर्तुळं रुंद आणि गाठी फार. स्प्रूसला एका इंचात किमान 6 वर्तुळं हवीत, डग्लस फरला 8. सागवान मजबूत आहे, पण स्प्रूसच्या जवळपास दीडपट जड, आणि त्याच्या तेलकटपणामुळे ग्लू नीट धरत नाही. जिगसाठी, म्हणजे भाग जोडताना धरून ठेवणाऱ्या साच्यासाठी, आणि टेबलासाठी खुशाल वापरा. डग्लस फर स्प्रूसला चांगला पर्याय आहे: जास्त ताकद, पण वजनही साधारण पाचवा हिस्सा जास्त आणि चिरफळण्याची सवय. खिळा मारण्याआधी बारीक भोक पाडलंच पाहिजे.

रेषांचा तिरकेपणा 1:15 पेक्षा जास्त नको, म्हणजे 300 मिलिमीटर लांबीत 20 मिलिमीटर. हे डोळ्यांनी ठरवू नका. रंधलेल्या फळीवर फाउंटन पेनच्या शाईचा थेंब सोडा, शाई खऱ्या रेषेच्या दिशेने पसरते. रुंद बाजू आणि कड दोन्हीकडे बघा. एका बाजूला सरळ दिसणारी फळी दुसऱ्या बाजूला तिरकी निघते, आणि वखारवाला सहसा चांगलीच बाजू वर ठेवतो. त्यानंतर खोली अंधारी करून टॉर्चचा उजेड फळीवर अगदी आडवा पाडा. रेषांना काटकोनात जाणारी केसाएवढी सुरकुती दिसली, तर झाड वाऱ्यात किंवा पडताना आतून चेमटलेलं आहे. ही फळी कितीही महाग पडलेली असो, विमानात जात नाही. राळेचा छोटा कप्पा किंवा टाचणीएवढी गाठ यांना जागा आणि संख्या बघून मुभा आहे, सुरकुतीला अजिबात नाही.

प्लायच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे: आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय विमानाला चालतो. त्याचा ग्लू उकळत्या पाण्यात टिकतो हे खरं आहे. पण त्यात आतले थर किती एकसंध आहेत, त्यांत फटी किंवा जोड आहेत का, प्रत्येक थराची जाडी किती, याची विमानाला हवी तशी हमी नसते. शिवाय तो जड लाकडाचा असतो आणि आपल्याला लागणाऱ्या 1, 1.5, 2 मिलिमीटर जाडीत मिळतच नाही. विमानाच्या दर्जाचा बर्च प्लाय मागवावाच लागतो. आला की प्लायच्या प्रत्येक शीटचा छोटा कोपरा कापून तीन तास उकळा, ओला असतानाच पटाशीने थर सोडवून बघा. लाकूड फाटलं पाहिजे, थर सुटता कामा नये. पंखाच्या पुढच्या कडेला बसणारी कातडी 45 अंशांत कापायला सांगितलेली असेल, तर प्लाय वाचवण्यासाठी ती सरळ कापू नका. पीळ सोसायचं काम त्या 45 अंशांमुळेच होतं. वाया जाणारे त्रिकोण गसेटना, म्हणजे जोडांवर चिकटवायच्या छोट्या तुकड्यांना, वापरता येतात.

आता ग्लू. दुकानात सहज मिळणारा पांढरा पीव्हीए फर्निचरला उत्तम आहे, पण सततच्या भाराखाली तो हळूहळू सरकतो आणि उष्णतेत मऊ पडतो. युरिया-फॉर्मल्डिहाइड ग्लू उष्ण आणि दमट हवेत खराब होत जातो, त्यामुळे तोही आपल्या कामाचा नाही. राहतात दोन: रिसॉर्सिनॉल आणि विमानकामासाठीचं इपॉक्सी.

रिसॉर्सिनॉल उष्णतेला, पाण्याला, बुरशीला कशालाच दाद देत नाही. सोलापूरच्या उन्हासाठी तो सर्वांत योग्य. मात्र त्याच्या अटी कडक आहेत. फट जवळजवळ चालत नाही, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण टेकले पाहिजेत. दाब मऊ लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला 9 ते 10 किलो. 20 मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब जोड म्हणजे 200 चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण 1,800 ते 2,000 किलो दाब. एक मध्यम जी-क्लॅम्प हाताने आवळून दोन-तीनशे किलोच देतो. म्हणून दर 100 मिलिमीटरला एक क्लॅम्प, आणि त्याखाली दाब पसरवायला 20 मिलिमीटर जाड पट्टी. तापमान किमान 21 अंश, तेही रात्रभर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 15 पर्यंत उतरतो, तेव्हा जोड दुपारी लावून वर ताडपत्रीचा तंबू आणि आत दोन बल्ब हवेत. तापमान जोडाजवळ मोजा, भिंतीवर नको. आणि उन्हाळ्यात उलटं संकट: 5 टक्के ओलाव्याचं लाकूड ग्लूमधलं पाणी शोषून घेतं, दाब देईपर्यंत ग्लूची साय झालेली असते. बाहेरून ग्लू पिळून आलेला दिसतो, आत जोड उपाशी असतो.

इपॉक्सीत पाणी नसतं, फट थोडी भरून निघते, दाब फक्त टेकवण्यापुरता लागतो. जास्त आवळलं तर सगळा ग्लू बाहेर येतो, म्हणून रिसॉर्सिनॉलची सवय असलेल्या हाताने इथे जरा आवरतं घ्यावं. घरातल्या तापमानाला बसणाऱ्या इपॉक्सीचा खरा दोष म्हणजे बरीच इपॉक्सी 50-60 अंशांपुढे मऊ पडू लागतात. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या पंखाची कातडी 75-80 अंशांपर्यंत जाते. म्हणून इपॉक्सीने बांधलेलं विमान सोलापुरात पांढरंच रंगवावं. लाल, निळा, काळा पट्टा हवा असेल तर तो शेपटीच्या उभ्या भागावर द्या, स्पारच्या वर नको.

मिश्रण वजनाने करायचं असेल तर वजनाचं प्रमाण डब्यावर वेगळं दिलेलं असतं ते बघा. आकारमानाने 1:1 असलेल्या इपॉक्सीचे दोन भाग वजनाने सारखे नसतात, आणि चुकलेलं प्रमाण जास्त हार्डनर घालून सुधारत नाही. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की हातात असलेला वेळ निम्म्यावर येतो. 25 अंशांना 40 मिनिटं टिकणारं मिश्रण 35 अंशांना 20 मिनिटांत जाड होतं. एका वेळी 25-30 ग्रॅमच कालवा आणि पसरट ताटलीत ओता. पेल्यात ठेवलेला घट्ट साठा स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरावतो.

पृष्ठभाग धारदार रंध्याने त्याच दिवशी काढलेला हवा. पॉलिश पेपरने घासलेल्या स्प्रूसवर रिसॉर्सिनॉल लावू नका, भुसा छिद्रांत बसतो आणि कडा गोल होतात. बोथट करवतीने चकाकी आलेला, किंचित करपलेला भाग तर ग्लू धरतच नाही. प्लायची गोष्ट वेगळी: कारखान्यातल्या दाबाने त्याला चकाकी आलेली असते, ती हलक्या हाताने 80 नंबरच्या पेपरने मोडावी लागते. पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब तसाच गोल उभा राहिला तर अजून घासा. उन्हाळ्यात हातावरचा, कपाळावरचा घाम जोडावर पडतो, त्याचाही विचार ठेवा. मनगटाला आणि कपाळाला पट्टी बांधून काम करावं.

लांब लाकूड न मिळाल्यास स्कार्फ जोड, म्हणजे तिरकी कापलेली टोकं एकमेकांवर चिकटवून केलेला जोड, 1:12 चा. 20 मिलिमीटर जाडीला 240 मिलिमीटर, 1.5 मिलिमीटर प्लायला 18 मिलिमीटर. उतार लाकडाच्या रेषांच्या कलानेच काढायचा. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून एकाच वेळी रंधली तर उतार आपोआप जुळतो. ग्लू लावताना दोन्ही तुकडे लांबीच्या दिशेला सरकू नयेत म्हणून जोडाबाहेर एकेक खिळा ठोकून ठेवा, नाहीतर दाब आला की ते एकमेकांवर घसरतात आणि जोड जाड होतो.

ग्लूच्या प्रत्येक मिश्रणामागे एक चाचणी तुकडा, याला अपवाद नाही. त्याच लाकडाचे दोन काप, तोच ग्लू, तोच दाब. त्यावर तारीख, तापमान, आर्द्रता, डब्याचा बॅच नंबर आणि कोणत्या जोडासाठी, हे पेन्सिलीने लिहा. आठवड्याने शिकंज्यात धरून पटाशी आणि हातोडीने फोडा. दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू फाटून चिकटलेले दिसले तर जोड पास. ग्लूचा गुळगुळीत, चमकदार पत्रा दिसला तर त्या दिवशीचं सगळं काम संशयित. आपल्यासाठी एक जास्तीची चाचणी करावी: काही तुकडे वजन टांगून एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपरावर ठेवा आणि पावसाळ्यानंतर फोडा. इपॉक्सी निवडताना कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा ही चाचणी जास्त सांगते.

कामाच्या खोलीची हवा सांभाळण्याचं ज्ञान सोलापुरात आधीपासून आहे. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून विणकामाच्या शेडमध्ये आर्द्रता मोजणं आणि राखणं नवीन नाही. ओला आणि कोरडा असे दोन थर्मामीटर शेजारी टांगा, ओल्यावर पंख्याचा वारा येऊ द्या. कोरडा 32 आणि ओला साडेतेवीस दाखवत असेल तर आर्द्रता 50 टक्क्यांच्या जवळ आहे, आणि 50 टक्क्यांत लाकूड 9 टक्क्यांवर स्थिरावतं. उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर हेच आपलं साधन, फक्त त्याचा झोत फळीवर सरळ येता कामा नये. एक बाजू फुगून फळी वाकते. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, एक खिडकी उघडी, आणि आर्द्रता 55 वर गेली की पाण्याचा पंप बंद, पंखा चालू. नुसता कूलर लावून विसरलात तर बंद खोलीत आर्द्रता 80 वर जाते आणि उन्हाळ्यात पावसाळ्याचं लाकूड तयार होतं.

स्पार, लॉन्जेरॉन (विमानाच्या धडाच्या लांब पट्ट्या), पंखाची पेटी बंद करणं ही कामं नवरात्रापासून जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यापर्यंत करावीत. हवा तेव्हा मधली असते, आणि मधल्या ओलाव्याला बंद केलेला जोड दोन्ही बाजूंना सारखाच ताणला जातो. मे महिन्यात बंद केलेली पेटी ऑगस्टमध्ये पूर्ण नऊ टक्के ओलाव्याच्या फरकाने एकाच दिशेला फुगते. मार्च ते मे रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या), फिटिंग, कंट्रोलच्या तारा, आणि ग्लू लावायचाच असेल तर पहाटे पाच ते आठ. पावसाळ्यात धातूकाम आणि कागदपत्रं. लाकूड जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून दूर, दर 400 मिलिमीटरला आधार देऊन ठेवा. वाळवीचं औषध फरशीला आणि भिंतीला मारा, लाकडाला नको. तेलकट औषध लागलेल्या जागी ग्लू बसत नाही.

रिब्जबद्दल थोडक्यात. 6 × 12 मिलिमीटरच्या पट्ट्या, 1.5 मिलिमीटरचे गसेट, आणि 19 मिलिमीटर प्लायवर आकार आखून केलेला जिग. जोडांच्या खाली प्लास्टिकचा कागद, नाहीतर रिब जिगसकट उचलून येते. पुढचा बाक देण्यासाठी पट्टी गरम पाण्यात भिजवून वाकवा, पण त्याच जिगमध्ये पूर्ण सुकू द्या आणि मग ग्लू लावा. सगळ्या रिब्ज एकाच हंगामात करा. मे आणि ऑगस्टमध्ये केलेल्या रिब्ज शेजारी ठेवल्या तर स्पारच्या खाचा एकमेकींशी जुळत नाहीत.

बंद होणाऱ्या प्रत्येक कप्प्याला आतून वार्निश, फक्त ग्लूच्या पट्ट्या कोऱ्या. टोकाच्या उघड्या रेषांना तीन हात, तिथूनच सगळं पाणी शिरतं. वार्निश संध्याकाळी लावा. सकाळी लावलं तर तापत जाणाऱ्या लाकडातली हवा बाहेर येऊन बुडबुडे धरते. प्रत्येक कप्प्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला 8-10 मिलिमीटरचं निचऱ्याचं भोक हवं, विमान जमिनीवर उभं असताना जो बिंदू खाली येतो तो.

कापडाबाबत सोलापुरात हमखास विचारलं जातं की इथलंच सुती कापड का नको. विमानाचं ग्रेड ए सुती कापड इंचाला 80 पौंड ताण सोसणारं, मर्सराइज केलेलं असतं, आणि ऊन त्याची ताकद झपाट्याने खातं. पॉलिस्टर घ्या. इस्त्रीने ताणताना आधी 120 अंश, शेवटी 175 च्या पुढे नाही. इपॉक्सीच्या जोडावर इस्त्री रेंगाळू देऊ नका.

फिटिंगचे बोल्ट एएन या विमानाच्या मानकाचेच, हार्डवेअरच्या दुकानातले नकोत. भोक थोडं लहान पाडून रीमरने मापावर आणा, आतून वार्निश करा, खाली मोठा वॉशर द्या आणि लाकूड चेमटेल इतकं आवळू नका. उन्हाळ्यात लाकूड आकसून हेच नट सैल होतात. लाकडी प्रोपेलरच्या बोल्टचा ताण म्हणून हंगाम बदलला की, म्हणजे एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचा. पावसाळ्यात लाकूड फुगून चेमटलेलं असेल, तर उन्हाळ्यात बोल्टचा दाब जातो, घर्षणाची पकड सुटते, प्रोपेलर हलू लागतो आणि बोल्टची भोकं करपतात.

इंजिन निवडताना एक हिशेब करा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 480 मीटर उंच आहे, पण 42 अंशांना इथली हवा दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. नकाशात दिलेलं धावपट्टीचं अंतर समुद्रकाठच्या 15 अंशांचं असतं. किमान इंजिनावर समाधान मानू नका.

आणि लाकूड मागवण्याआधी डीजीसीएशी, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी खात्याशी, पत्रव्यवहार सुरू करा. नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि वेळ घेतात. मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांचं विमान फेब्रुवारी 2016 मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं गेलं, नोंदणी 2017 मध्ये मिळाली आणि उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये. प्रत्येक पेटी बंद करण्याआधी आतले फोटो, ओलाव्याचे आकडे आणि फोडलेले चाचणी तुकडे क्रमांक घालून जपून ठेवा. तपासायला येणाऱ्याला बंद पंखाच्या आतलं दाखवायला तुमच्याकडे तेवढंच असतं.